सरांची वजाबाकी

डोंगराच्या पोटात बोगदा कोसळला तेव्हा तिचा धाकटा भाऊ आत ड्रिल चालवत होता. दुपारी ती मोजणीची पेटी घेऊन डोंगरावर पोहोचली. धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे बूटही धड दिसेनात, आणि ओल्या मातीचा वास घशात जाऊन बसत होता.

पेटीत अणू होते, कल्पना करवणार नाही इतके गारठवलेले. ते सोडायचे आणि पडू द्यायचे. खाली जमीन पोकळ असली की ते किंचित हळू पडतात, तेवढ्यावरून पोकळी सापडते. मात्र मोजणी चालू असताना जवळ कुणी असता कामा नये, कारण माणसाच्या देहाचीही ओढ अणूंना लागते. म्हणून पेटीभोवती दोरी बांधायची आणि सगळ्यांनी बाहेर थांबायचं.

हा नियम मोडणारे एकच, यंत्र बनवणारे तिचे सर. ते पेटीवर ओणवे होऊन कौतुकाने बघत राहायचे, त्यांची ओढ अणूंना वर खेचायची आणि जिथे तिथे पोकळी दिसायची. "सर, मागे व्हा!" असं ओरडलं की खालून वाकून जाणं पोटामुळे जमत नसल्याने ते दोरी हाताने दाबून ओलांडायचे. नाहीच ऐकलं तर ती सरांचं पोट आकड्यातून वजा करून टाकायची. सर वारले त्याला आता वर्ष होत आलं होतं.

पहिल्या जागी पोकळी दिसली. दुसऱ्या जागीही. तिसऱ्या जागीही तेच.

"बाई, पोरखेळ आहे का हा?" बचावप्रमुख वैतागले. "वेळेत भोक एकच पाडता येईल. आतली हवा संपत आलीय. जागा सांगा, नाहीतर मी अंदाजाने पाडतो."

तिने आकडे पुन्हा पाहिले आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही चूक तिला तोंडपाठ होती.

"दोरीच्या आत... कुणी आहे का?"

"कोण असणार? सगळे इथेच तर आहोत."

धुक्यात पेटी एकटीच होती. तिची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. तिने प्रत्येक आकड्यातून सर वजा केले. दोन जागा कोऱ्या निघाल्या. तिसरीखाली अगदी थोडी पोकळी उरली.

"इथे पाडा."

"खात्री आहे?"

"माझी नाही... माझ्या सरांची आहे."

संध्याकाळी भोकातून सोडलेल्या माइकवर आधी खोकला ऐकू आला, मग चिडका आवाज. "ताई, किती उशीर गं!"

ती मटकन खाली बसली आणि हसता हसता रडू लागली.

माणसं बाहेर काढायला मोठं भोक हवं होतं, म्हणून शेजारी आणखी एक मोजणी लावली. सगळे दोरीबाहेर आले. आकड्यात पुन्हा तीच चूक.

"सर," ती हळूच म्हणाली, "मागे व्हा ना..."

पुढचा आकडा स्वच्छ आला. वाऱ्याचं नाव नव्हतं. ती उभी होती तिथेच, तिच्या अगदी शेजारी, दोरी हलकेच खाली दबली आणि पुन्हा वर आली.