मनगटातले ठोके

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची टिंगल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून हे सांगताना जरा लाजच वाटते. एकसष्टचा उन्हाळा. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. मी भिलाईत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. रोज दुपारी चारला सायकलवरून जवळच्या बोरसी गावाला जायचं, रेल्वेतल्या देवाजी गार्डाच्या बायकोचे ठोके मोजायचे आणि गोळी द्यायची, एवढंच काम.

हिरा तिचं नाव. वय चोवीस. लहानपणी सांध्यांच्या तापात हृदयाची झडप गळकी झालेली, त्यात ठोके कसेही पडायचे. अशा रोग्याचे ठोके दोघांनी एकाच वेळी मोजायचे असतात. मी नळी लावून छातीतले मोजायचो, देवाजी रेल्वेचं घड्याळ बघत मनगटातले. दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे मनगटाचा आकडा नेहमी कमी येतो. छातीचा आकडा साठाच्या खाली गेला तर गोळी द्यायची नाही. मग तेच औषध विष होतं.

पंधरा दिवसांत ती एकशे वीसवरून ऐंशीवर आली, उठून बसू लागली. अडचण एकच होती. तिच्या गळ्यातला सवतीचा टाक नळीला लागून किणकिण करायचा. देवाजीची पहिली बायको कांता वारलेली. दुसरीनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. काढून ठेव म्हटलं तर हिरा घाबरली.

"नाही भाऊ. मरताना सांगून गेली म्हणे ती, दुसरीले सुखानं नांदू देणार नाही."

मला हसू आलं. अंगावरच ठेवायचा ना, मग मनगटाला बांध, असं म्हणून मीच तो तिच्या डाव्या मनगटावर बांधला. दुसरं काय, शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी छातीत छप्पन्न भरले. देवाजी म्हणाला, ब्याण्णव. मी त्याच्यावर खेकसलो, रेल्वेत असंच मोजता का म्हणून. मग स्वतः मनगट धरलं. बाहेर उन्हाची गरम लू वाहत होती, आणि तो हात मात्र गार. बोटांखाली नाडी भरगच्च, एका तालात. हिराची नाडी तालात कधी नव्हतीच.

देवाजीनंही बोटं ठेवली आणि पांढरा पडला.

"ही नाडी मले ओळखू येते... सहा वर्षं धरला हा हात."

आज गोळी नाही, मी ठरवलं. बाटली फळीवर ठेवायला वळलो तोच हिराच्या डाव्या हातानं ती हिसकावून घेतली. बूच उडालं. हिरा रडत होती.

"मी नाही घेऊन राहिली, भाऊ... हात घेऊन राहिला..."

मूठभर गोळ्या तोंडाशी आल्या. दात घट्ट मिटून ती मान फिरवत होती. आम्ही दोघं त्या काडीसारख्या हाताला लोंबकळलो तरी तो मागे हटेना. शेवटी देवाजीनं मनगटावरचा दोरा तोडला आणि टाक परत तिच्या गळ्यात घातला. हात गळून पडला. आम्हाला वाटलं, सुटलो.

आठवड्यानं डॉक्टर स्वतः तपासायला आले. गळक्या झडपेची सळसळ नाही, ठोके बहात्तर, अगदी नियमित. गळकी झडप गोळ्यांनी बुजत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण श्रेय कोण सोडतो? गोळ्या बंद केल्या आणि निघून गेले. हिरा चूल पेटवायला लागली. देवाजी मात्र बाहेर ओट्यावर बसायचा, आत जायचा नाही.

शेवटचं म्हणून मी पुन्हा एकदा नळी लावली. ठोके जोमदार होते. पण त्यांच्यामागे, खूप खाली, आणखी एक आवाज होता. अडखळत पडणारा, मध्येच गळक्या झडपेची सळसळ. इतके दिवस तोच मोजला होता मी, चुकणार कसा? ती हिरा होती. कांता मनगटातून गेली नव्हती, छातीत उतरली होती. आणि मनगटाला टाक बांधून वाट मीच करून दिली होती. मला रडू आवरेना, तरी सवयीनं मोजत राहिलो. एकतीस.

बाईनं माझा हात धरला. डोळ्यांत डोळे घालून, अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"तिचे किती राहिले, भाऊ...?"