इंजिन अजून ठरलेलं नाही

दातांची डॉक्टर त्या टेबलाशी जाऊन बसली ती केवळ लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती म्हणून. अख्ख्या वाचनालयात तेवढ्या एकाच टेबलाजवळ प्लग होता. पिन खोचून तिनं मान वर केली, तर समोर कुरळे केस, जाड चष्मा आणि एक पाटी — ‘पहिला गेम बनवायचाय? इंजिन निवडायला मदत मिळेल.’

“बोला, काय बनवायचंय?” चष्म्यानं विचारलं.

मी फक्त प्लगसाठी आले, असं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण त्यानं इतकं मनापासून विचारलं, की तिच्या मनात कधीचं घोळत होतं ते भसकन बाहेर पडलं. “एक दात आहे. तो पळतो. चॉकलेटं चुकवतो, ब्रशवर उड्या मारतो... माझ्या क्लिनिकमध्ये पोरं फार रडतात हो. बाहेर बसून खेळतील तरी.”

तो हसला नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “दात नुसता डावी-उजवीकडे पळणार?”

“हो. सपाटच आहे बिचारा.”

“मग टू-डी. चिलट मारायला तोफ नको.” त्यानं तिच्या लॅपटॉपवर एक इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, उघडून दाखवलं. ते फुकट होतं, जुन्या लॅपटॉपवरही चालणारं होतं आणि कोड लिहायची गरजच नव्हती. ‘दाताला चॉकलेट लागलं’ हा एक ठोकळा, ‘एक जीव कमी’ हा दुसरा. एकाला एक जोडायचा, झालं. “नवशिक्यांनी यावरच सुरुवात करावी. आधी एक छोटासा गेम पुरा करा. पुढे वाटलं तर बदला इंजिन.”

“आणि अडलं तर?”

“इथे फक्त निवडायला मदत. एकदा इंजिन ठरलं की घरी बसून बनवायचं.” तो जरा ओशाळला. एरवी तो गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करायचा आणि शनिवारी हे टेबल सांभाळायचा. “नियम केला नाही तर लोक माझ्याकडूनच बनवून घेतात हो.”

डॉक्टर घरी गेली आणि चार-पाच दिवसांतच तिचा दात धावायला लागला. तिला आभाळ ठेंगणं झालं... आणि लगेच लक्षात आलं. इंजिन ठरलं, म्हणजे शनिवार संपले! तो चष्मा आता कुठल्या निमित्तानं दिसणार?

म्हणून पुढच्या शनिवारी तिनं तोंड पाडून सांगितलं, “नाही जमलं. ठोकळे फार रंगीबेरंगी आहेत.”

त्यानं दुसरं दाखवलं. त्यात सोप्या भाषेत थोडा कोड लिहावा लागे. “कंस बघितले की मला घेरी येते,” ती म्हणाली. तिसरं थेट ब्राउझरमध्ये चालायचं, तर तिच्या घरचं नेट एकाएकी रुसलं. नाचता येईना अंगण वाकडं! पण तो कधी वैतागला नाही. दर शनिवारी नवं नाव, नवी माहिती, आणि मधे मधे... चष्म्यावरून तिच्याकडे टाकलेली एक चोरटी नजर.

“मागच्या वेळचं ‘पिटुकलं’ लावून बघितलंत?” एकदा त्यानं विचारलं.

“बघितलं की! फार जड आहे. लॅपटॉप नुसता तापला.”

“असं?” म्हणत त्यानं गाल धरला.

डॉक्टरची नजर तिथंच अडकली. “तोंड उघडा.”

“इथे? वाचनालयात?”

“इथे बोलायला बंदी आहे, आ करायला नाही.”

आत दाढ किडलेली. “सोमवारी क्लिनिकला या,” ती दरडावून बोलली. आणि घरी पोचल्यावर तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत, मोठ्या स्क्रीनवर, तिचा दात दिवसभर धावत असायचा. कुरळ्या केसांचा. चष्मा लावलेला.

तिनं लगेच आत्याला फोन केला. क्लिनिकमधल्या अपॉइंटमेंट आत्याच सांभाळायची. “आत्या, सोमवारी तो गेम बंद ठेव. काहीही झालं तरी!”

“ठेवते गं बाई,” आत्या म्हणाली.

सोमवारी तो आत आला तो गालातल्या गालात हसतच. मागून आत्या कौतुकानं सांगत होती, “अगं, पोरं रडायला लागली म्हणून लावला गेम. मग यांनीच विचारलं, हा दात कोणासारखा दिसतो, तर मी तरी किती वेळ गप्प बसणार?”

डॉक्टरनं घाईघाईनं त्याला खुर्चीत आडवं केलं, इंजेक्शन दिलं, गालात कापूस कोंबला. आता निदान हा काही विचारू शकणार नव्हता. हिंमत करून तिनं दिव्याकडे बघत बोलायला सुरुवात केली.

“पहिलंच इंजिन आवडलं होतं मला. गेम कधीच झाला. पण ठरलं म्हटलं असतं, तर तुम्ही शनिवारी... म्हणजे मी शनिवारी... तुम्ही आवडता मला. हलू नका, ड्रिल सुरू आहे.”

तो हलला नाही. दाढ भरून झाली, कापूस निघाला.

“‘पिटुकलं’ आठवतंय?” तो अडखळत म्हणाला. “त्या नावाचं इंजिन नाहीये जगात.”

“काय?”

“खरी संपली होती. तुम्ही यायच्या थांबाल म्हणून मी मनानंच एक रचलं. आणि तुम्ही म्हणालात... तापलं!”

डॉक्टरनं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. कानसुद्धा लाल झाले होते, ते कशानं झाकणार? “दोन तास गरम काही प्यायचं नाही,” ती मास्कमधूनच पुटपुटली.

“मग दोन तासांनी कॉफी?”

“बाहेर चार पेशंट आहेत माझे.”

“असू देत. मी बसतो बाहेर.” बधिर झालेला गाल सावरत तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. ओठाची एक बाजू अजून हलत नव्हती, तरी शब्द अगदी स्वच्छ आले. “मलाही तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून.”