अकराव्या पोर्टातला दिवा

लाइट गेलीच आहे तर सांगतो. मध्येच मोबाइल कुणी पेटवायचा नाही. आणि तू पाय वर घे गं. खाटेखाली काही नाही, तरी घे.

हे घडलं माझ्या साडूला, तुमच्या मामीच्या बहिणीच्या नवऱ्याला. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात तो मशीनं सांभाळायचा. गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. रात्री अकराच्या सुमाराला तो नवा स्विच घेऊन खाली उतरला. दोन स्विचपैकी एक आठवड्यापूर्वी बंद पडला होता. त्या जागी हा बसवायचा, तासाभराचं काम.

पंख्याचा स्विच नव्हे. हसू नकोस, नीट ऐक, नाहीतर पुढे भीतीच वाटायची नाही. पेशंटचे रिपोर्ट, स्कॅन, सगळं कपाटाएवढ्या डिस्कच्या पेटीत असतं. ते वाचून वर डॉक्टरांना दाखवणारे सर्व्हर वेगळे. या दोघांच्या मध्ये स्विच. त्याला ओळीने भोकं असतात, ती पोर्टं. पोर्टात काचेच्या धाग्याची केबल घातली की शेजारी हिरवा दिवा लागतो. प्रत्येक सर्व्हरला कारखान्यातूनच एक लांबलचक नंबर मिळालेला असतो, जगात दुसऱ्या कुणाचा नसतो असा. तो सांगितला की स्विच त्याला आत घेतो. ते लॉगिन. पण आत आला म्हणून त्याला सगळं दिसत नाही. कुणाला कोणती डिस्क दिसावी हे आधीच ठरवून ठेवतात. तो झोन. झोनमध्ये नाव असेल तर दिसतं, नसेल तर शेजारी बसूनही आंधळा.

"म्हणजे घरच्यांचा ग्रुप, ज्यात काकूला घेतलेलं नाही."

अगदी तसंच. आता गप्प बस.

एवढे लांब नंबर कोण लक्षात ठेवणार? म्हणून टोपणनावं देतात. एका सर्व्हरचं टोपणनाव होतं 'बारक्या'. बारक्या म्हणजे साडूचा धाकटा भाऊ. तोही तिथेच कामाला होता आणि तो सर्व्हर जिवापाड जपायचा, म्हणून साडूनेच थट्टेने ते नाव दिलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी सर्व्हरच्या जुन्या खोलीला आग लागली. सर्व्हर वाचवायला बारक्या आत शिरला. सर्व्हर जळाला.

आणि तोही.

मशीन भंगारात गेलं की त्याचं नाव झोनमधून काढायचं असतं. साडू दर वेळी म्हणायचा, पुढच्या खेपेला काढू. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, "अहो, आईने घरातले फोटोसुद्धा आवरून ठेवलेत. एवढ्या एका जागी तो अजून आहे. असू दे की."



त्या रात्री नव्या स्विचचा खोका अजून उघडलाही नव्हता. साडू दुसऱ्या, चालू असलेल्या स्विचवरचे झोन उतरवून घेत बसला होता. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली. बारक्या, लॉगिन. पोर्ट अकरा.

त्याला वाटलं, डोळे थकलेत. नंबर पहिल्या आकड्यापासून ताडून पाहिला. तोच. उठून स्विचपाशी गेला. अकरा नंबरच्या पोर्टात केबलच नव्हती.

दिवा हिरवा होता.

फोन वाजला. वरून सिस्टर.

"भाऊ, जुने स्कॅन उघडत नाहीयेत. टेबलावर पोरगी आहे, सात-आठ वर्षांची. सर खोळंबलेत."

"बघतो, सिस्टर."

त्याने पाहिलं. डिस्ककडून माहिती निघत होती, सगळी अकराकडे. एक तुकडा घेतला की पलीकडच्याने कळवायचं असतं, माझ्याकडे जागा झाली, पुढचा पाठव. बारक्या घेत होता. जागा झाली असं कळवत नव्हता. त्याच्यापायी बाकीच्यांचं सगळं तुंबलं होतं.

साडूने अकरा नंबरचं पोर्ट बंद केलं.

दिवा विझला.

बारा नंबरचा लागला. तिथेही केबल नव्हती.

बारा बंद केलं. तेरा...

आता एकच उपाय होता. झोनमधून नाव काढायचं. मग त्याला डिस्क दिसणार नाही, हात सुटेल. साडूने ओळ टाइप केली. एंटरवर बोट ठेवलं.

बोट दाबेना.

"बारक्या," तो म्हणाला. मोठ्याने. रिकाम्या खोलीत. "अरे, वर लहान पोर आहे. सोड."

पंख्यांची घरघर...

"बारक्या. ऐक ना."

फोन वाजला. त्याने उचलला नाही. परत वाजला.

"भाऊ! काय करताय खाली?"

"दोन मिनिटं..."

दोन मिनिटं त्याने नुसता तो दिवा पाहिला. लुकलुकत होता. कुणी घाईघाईने काहीतरी सांगत असावं तसा.

मग बोट दाबलं.

दिवा गेला. तुंबलेलं सगळं धडाधड वाहू लागलं.  थोड्या वेळाने फोन.

"उघडले, भाऊ."

"हं."

"पण... आता राहू द्या."

...

नाही रे, पोरगी नाही वाचली. डॉक्टर म्हणाले, स्कॅन वेळेत दिसले असते तरी वाचली असती असं सांगता येत नाही. साडू ते ऐकून घेतो. मान हलवतो. भाऊ गेला, भावाचं नाव गेलं, आणि ते पोरही गेलं.  

पहाटे त्याने काम पुरं करायला घेतलं. करणार काय, सकाळी हॉस्पिटल चालू व्हायचं होतं. नव्या स्विचचा खोका फोडला. वरचं प्लास्टिक कारखान्यातलं, चिकटपट्टी शाबूत. प्रत्येक पोर्टात धूळ जाऊ नये म्हणून रबरी बूच घट्ट बसवलेलं. एकेक काढत गेला. आठ, नऊ, दहा, सगळी आतून लख्ख.

अकरावं काढलं.

बोट काळं झालं. आत काजळी होती.

कोमट.