विझलेल्या राक्षसाची गोष्ट

राक्षस, पऱ्या आणि उडती बेटं लिहून लिहून लेखकाचं नावच 'राक्षसवाले' पडलं होतं. एके काळी ते सभांमध्ये ठासून सांगत, "पुस्तकात कुणी कायमचं मरत नाही. मागची पानं उलटा, माणूस पुन्हा हजर!" लोक टाळ्या वाजवत. मग त्यांची एकुलती एक लेक दम्यानं गेली आणि ते वाक्य त्यांच्याच घशात हाडासारखं अडकलं. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. घर खायला उठायचं म्हणून तेवढे वाचनालयात जाऊन बसत.

तिथं खिडकीशी एक शिंपी आजोबा बसायचे. नजर गेली, शिवणकाम सुटलं, पुस्तकांचं वेड तेवढं राहिलं. एका दुपारी त्यांनी लेखकाचा आवाज ओळखला.

"राक्षसवाले ना? त्या आग विझलेल्या राक्षसाची गोष्ट काय लिहिलीत हो! ती पोर कंदील घेऊन त्याच्या घशात उतरते, तिथं काटाच आला अंगावर."

ती गोष्ट राक्षसवाल्यांनी लिहिलीच नव्हती. लेकीच्या उशाशी बसून तोंडी सांगितली होती, एकदाच. पोर घशात उतरली तिथं लेकीचा डोळा लागला. तो पुन्हा उघडला नाही.

"कुणी वाचून दाखवली?"

"एक मुलगी येते की. वाक्यावाक्याला धाप लागते बिचारीला, पण थांबत नाही."

त्यांनी ग्रंथपालबाईंना विचारलं. बाई गोंधळल्या. "मुलगी? आजोबा तर एकटेच असतात. समोर पुस्तक उघडून ठेवायला सांगतात. म्हटलं, जीव रमतोय तर रमू दे."

दुसऱ्या दिवशी राक्षसवाले आजोबांशेजारी येऊन बसले. टेबलावर ऊन पसरलं होतं. डिंकाचा, जुन्या कागदाचा वास येत होता. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग आजोबांनी मान कलती केली आणि गालात हसले. उघड्या पुस्तकाचं पान उलटलं. पंख्याचा वारा म्हणावा, तर पान वाऱ्याच्या उलट गेलं होतं.

राक्षसवाल्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"ती अडलीय," आजोबा म्हणाले. "म्हणते, बाबा इथंच थांबले."

"अजून काय म्हणते?"

"ती पोर बाहेर आली का, विचारतेय."

राक्षसवाल्यांना थाप मारणं सोपं होतं. जन्मभर तेच तर केलं होतं.

"नाही आली, बाळा," ते म्हणाले. "पण तिच्या कंदिलानं राक्षसाच्या पोटातली आग पुन्हा पेटली. आत उजेड झाला. ऊब आली. तिचा श्वास मोकळा झाला. मग तिला बाहेर यावंसंच वाटलं नाही."

आजोबा कितीतरी वेळ कानोसा घेत राहिले.

"धाप थांबली," ते हलकेच म्हणाले. "झोपली."

राक्षसवाल्यांनी तोंडावर उपरणं दाबलं, पण हुंदका फुटलाच.

"शूऽऽ," आजोबा कुजबुजले. "हळू. बाकीची पोरं अजून जागी आहेत."

"बाकीची?"

"ही काय, खाली बसलीत सगळी. आमचीही गोष्ट अर्धी राहिलीय म्हणतात."

राक्षसवाल्यांनी रिकाम्या फरशीकडे पाहिलं. मग पायाखाली कुणी येऊ नये अशा बेतानं खुर्ची हळूच मागे सरकवली आणि घसा खाकरला.