डेल्फिनकुया बूट का काढत नाही?

“हात मार! हात मार लवकर! गार झालं की सुटत नाही ते!”

रुफो ओरडत होता आणि ओन्योक एका थडग्यावर पालथा पडून ओघळलेलं मेण नखांनी खरवडत होता. आज मृतांचा सण. सगळं शहर दफनभूमीत लोटलं होतं. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, फुलं, भाताची पातेली, पत्ते कुटणारे काका आणि रडणारी तान्ही पोरं! शाळांना सुट्टी होती आणि या दिवशी वस्तीतल्या पोरांचं काम ठरलेलं होतं. मेण गोळा करायचं आणि त्याचा गोळा वळायचा. ज्याचा गोळा मोठा, तो वर्षभर राजा.

“माझा नारळाएवढा झाला!” ओन्योक म्हणाला. तो आठ वर्षांचा होता.

“लिंबाएवढा म्हण,” गल्लीतला रुफो म्हणाला. “आणि त्यात निम्मा तुझ्याच अंगावरचा मळ!”

ओन्योकची बहीण बिनिंग या दोघांच्या भांडणात नव्हती. ती बारा वर्षांची, एरवी मेणासाठी रुफोच्या झिंज्या उपटणारी. पण आज ती हातातला गोळा विसरून बाबांच्या थडग्याकडे बघत होती. तिथे आईने चटई अंथरून डबे उघडले होते आणि नुकताच डेल्फिनकुया आला होता.

कुया म्हणजे थोरला भाऊ, तिता म्हणजे मावशी. डेल्फिन तिच्या मावशीचा मुलगा, सामर बेटावरच्या कोळ्याचा. माडासारखा उंच. सान लाम्बेर्तो कॉलेजने त्याला बास्केटबॉलसाठी मनिलाला आणलं होतं. फी, जेवण, खाट, सगळं कॉलेजचं. येत्या रविवारी लीगचा अंतिम सामना होता. वस्तीतल्या प्रत्येक भिंतीवर डेल्फिनचं चित्र होतं, आणि रुफो तर जो भेटेल त्याला सांगत सुटला होता की हा आमच्या गल्लीत जेवतो!

“बस की रे, बाळा,” आई म्हणाली.

“नको तिता, उभाच खातो. कोच वाट बघतायत.”

बिनिंगच्या कपाळाला आठी पडली. चटईवर कुणी बूट घालून चढत नाही. सगळ्यांच्या चपला कडेला ओळीने होत्या. पण डेल्फिनकुया आणि उभ्याने जेवतोय? हा माणूस एक गुडघा छातीशी घेऊन असा ठाण मांडायचा की भाताचा डोंगर सपाट होईपर्यंत हलायचा नाही!

“कुया, माझा मासा घेतोस?” ओन्योकने धावत जाऊन विचारलं.

“तूच खा. वाढायचंय ना तुला!”

डेल्फिनने मासा नाकारला! आता रुफोही बघायला लागला. डेल्फिन एका हाताने क्रूस धरून उभा होता. त्याच्या डाव्या बुटाची नाडी पार शेवटच्या भोकापर्यंत सैल सोडलेली होती. तो निघाला तेव्हा ओल्या फरशीवरून चालावं तसा जपून, मोजूनमापून चालत गेला.

“काहीतरी गडबड आहे,” बिनिंग म्हणाली.

“त्याला सरावाला जायची घाई असेल,” रुफो म्हणाला.

“घाई असलेला माणूस असा चालतो?”



दुसऱ्या दिवशी तिघं कॉलेजच्या क्रीडागृहात पोचली. आत शिरायला त्यांना कुणी अडवत नसे, कारण कॉलेजच्या ढोलवाल्यांचे ढोल हीच पोरं उचलून नेत. ढोलांच्या खोलीला लागून खेळाडूंच्या मलमपट्टीची खोली होती. मध्ये प्लायवुडची भिंत, आणि भिंतीला एक भोक. तिघांनी ढोल ठेवले आणि आळीपाळीने डोळा लावला.

आत डेल्फिन बाकावर बसला होता. कोच बालतासार कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांचा मदतनीस हातात सुई घेऊन वाकला होता.

“आणखी एक टोच,” कोच म्हणाले.

“कोच, घोट्याच्या खाली आता काही कळतच नाही,” डेल्फिन म्हणाला.

“कळायला नकोच आहे! तू उड्या मार.”

“एकदा डॉक्टरांना दाखवू या?” मदतनीस हळूच म्हणाला.

“रविवारनंतर दाखव की! आत्ता दाखवलास तर तो खेळू देईल का? डोकं आहे का तुला?”

ओन्योकच्या हातून टिपरी सुटली आणि ढोलावर ‘धम्म’ झालं. तिघं जी पळाली ती मैदानाच्या मागच्या पायऱ्यांवरच थांबली.

“ऐक,” रुफो धापा टाकत म्हणाला. “आपण काही पाहिलं नाही. आपण जन्मलो त्याच्या आधीपासून चषक नाही आलेला! एक सामना, बिनिंग. मग घालू दे की पायाला पट्टी.”

बिनिंग पायरीवर बसली. ती डेल्फिन बाहेर येईपर्यंत तिथेच बसून राहिली.

“कुया, तुझा पाय मोडलाय?”

“कोण म्हणतं?”

“मग बूट काढून दाखव.”

डेल्फिन हसला, पण नुसत्या ओठांनी. “काढला तर परत आत जाणार नाही गं.” मग तो तिच्या शेजारी बसला. “हे बघ, रविवारी मोठ्या संघांची माणसं मला बघायला येणार आहेत. त्यांनी घेतलं तर माझ्या बहिणी शिकतील. नाही तर त्याही जाळी विणत बसतील, आईसारख्या. मला पाय कळतो, तुला नाही कळत. तू तोंड उघडलंस तर मी तुझा कुया नाही.”

“पण...”

“संपलं.”

बिनिंगने वचन दिलं नाही. घरी गेली आणि तोंड उघडलं. आई पान्सितच्या शेवया भिजवत होती. “खेळणाऱ्यांचे पाय सुजतातच,” ती म्हणाली. “तिथे कोच आहेत, कॉलेजचे फादर आहेत. एवढी मोठी माणसं काय झोपली आहेत?”

“हो!” ओन्योक म्हणाला, आणि त्याला एक धपाटा बसला.

राहिली रुफोची मावशी, तिता निम्फा. ती सौदीतल्या इस्पितळात नर्स होती आणि सुट्टीवर आली होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“न बघता मी काय बोलू? कोच म्हणेल, बाई, तुम्हाला स्वप्न पडलं. मला पाय दाखवा. चार माणसांसमोर दाखवा. मग बघते.”

चार माणसांसमोर! पण दाखवणार कसा? जो चटईवर चढला नाही, तो चारचौघांत बूट कसा काढणार?

बिनिंग रात्रीपर्यंत विचार करत होती. सकाळी तिने दोघांना बोलावलं. “शनिवारी संघ आपल्या घरी जेवायला येतोय. फादर जेवणाला आशीर्वाद देणार. सगळी गल्ली येणार. आपली फरशी कशी आहे?”

“भिकार,” रुफो म्हणाला.

“तिला नवं मेण लावू या. नव्या मेणावर कोण बूट घालून येईल?”

ओन्योकने टाळी वाजवली. रुफोने मात्र आपला गोळा पोटाशी धरला. त्याचा गोळा कलिंगडाएवढा होता, यंदाचा राजा तोच होता. 

“माझा काका बंदरावर दुखऱ्या पाठीने गोणी वाहायचा,” तो शेवटी म्हणाला. “सगळे शाबास, वाघ आहेस म्हणायचे. आता त्याला उठवून बसवायला दोघं लागतात. शाबास म्हणणारा एक पण येत नाही.”

आणि त्याने आपला गोळा पातेल्यात टाकला.

मेण वितळलं. चूल विझवून, पातेलं अंगणात नेऊन बिनिंगने त्यात रॉकेल आणि लाल रंग घातला. मग प्रत्येकाने पायाखाली नारळाचं अर्धं सोडण घेतलं आणि कंबर हलवत, एकमेकांवर आपटत फरशी घासायला सुरुवात केली. दुपारपर्यंत फरशी अशी झाली की ओन्योकने तिच्यात बघून भांग पाडला.

“माझी गुणाची पोरं ती!” आई म्हणाली. बिनिंगने मान खाली घातली.

शनिवारी गल्ली दारात लोटली. बिनिंग उंबरठ्यावर सोडण घेऊन उभी होती. “बूट बाहेर! नवं मेण आहे!”

कोच बालतासारांनी बूट काढले. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. पोरं खिदळली. वृद्ध फादर कार्मेलोही भिंतीला धरून अनवाणी आत आले. एकेक खेळाडू आत आला. डेल्फिन मात्र दारातच थबकला.

“मी इथेच बसतो, तिता.”

“राहू द्या त्याला,” कोच घाईघाईने म्हणाले. “सर्दी झालीय त्याला.”

“सर्दी पायाला होते?” ओन्योकने मोठ्याने विचारलं. लोक हसले.

आईचा चेहरा उतरला. “माझ्या बहिणीच्या पोराने माझ्या दारात बसून जेवायचं? लोक काय म्हणतील मला?”

“अरे, मी म्हाताऱ्याने काढले,” फादर म्हणाले. “तू काय बिशप लागून गेलास? ये आत!”

डेल्फिनने बिनिंगकडे पाहिलं. तिच्या हातातलं सोडण पाहिलं, लखलखणारी फरशी पाहिली. त्याला सगळं कळलं. बिनिंगला वाटलं की पाठ फिरवून पळून जावं. पण ती हलली नाही.

तो वाकला. बूट निघेना. दोन्ही हातांनी ओढावा लागला, आणि मग मोजा.

हसू थांबलं. पाय पिकल्या वांग्यासारखा झाला होता, काळानिळा आणि तुकतुकीत, बोटं दिसत नव्हती. वर सुयांचे लाल ठिपके होते, एकाशेजारी एक.

तिता निम्फा पुढे आली आणि गुडघ्यावर बसली. तिने अंगठ्याने पायाच्या मधोमध दाबलं. “दुखतंय?”

“नाही, तिता.”

“इथे?”

“नाही.”

“दुखायला हवं होतं,” ती म्हणाली आणि कोचकडे वळली. “काय टोचलंत याला?”

“मुरगळलाय साधा! आमचं आम्ही...”

“खोटं!” बिनिंग ओरडली. “डॉक्टरांना दाखवलं तर खेळू देणार नाहीत म्हणालात तुम्ही! आम्ही तिघांनी भिंतीतून ऐकलंय!”

“पोरीला काय कळतं...”

“बालतासार,” फादर म्हणाले, “गप्प बसा.” पण ते स्वतः डेल्फिनकडे बघत नव्हते. ते फरशीकडे बघत होते.

इस्पितळात एक्स-रे काढला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक सामना खेळला असता तर हा पोरगा जन्माचा लंगडा झाला असता.

रविवारी सान लाम्बेर्तो हरलं. एका बास्केटने हरलं! रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर उभे राहिले आणि आधी हरलेल्यांचं कॉलेजगीत सुरू झालं. हजारो मुठी वर गेल्या. डेल्फिन कुबड्यांवर होता. त्याने मूठ उचलली आणि एक कुबडी लाकडी मैदानावर पडून खडखडली. कुणी वाकलं नाही. गाणं चालू होतं. शेवटी ओन्योकच कठड्यावरून उडी मारून धावला आणि त्याने ती उचलून धरली.

त्यानंतर गल्लीत बिनिंग दिसली की पोरं म्हणत, “आली बघा मेणवाली! आपला चषक हिने पुसून टाकला!” रुफोने त्यातल्या दोघांना बदडलं आणि स्वतःचा ओठ फोडून घेतला. कोच बालतासारांनी राजीनामा दिला. पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या कॉलेजात रुजूही झाले.

सणाची सुट्टी संपली आणि फादरनी तिघांना कॉलेजच्या सभागृहात बोलावलं. व्यासपीठावर कप्तान, म्हणजे वस्तीचा प्रमुख, होता, डॉक्टर होते, हार घातलेल्या बायका होत्या. “या चिमुकल्यांनी आमचे डोळे उघडले!” फादर म्हणाले. “असे जागरूक नागरिक देशाला हवेत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने रिवाजाप्रमाणे वर येऊन बिनिंगच्या छातीवर फीत टाचली. 

टाळ्या थांबल्यावर बिनिंगने विचारलं, “फादर, कुयाची कॉलेजातली जागा राहील ना?”

फादर खाकरले. “बाळ, ती जागा खेळाडूची असते. जो खेळू शकत नाही, त्याला... नियम आहे. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करू.”

मग त्यांनी स्वतःच पुन्हा टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी त्यांना साथ दिली.

सामरच्या बोटीपर्यंत नेणाऱ्या बसपाशी डेल्फिनला पोचवायला चौघंच आली. आई, बिनिंग, ओन्योक आणि रुफो. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. आईने भाताचा डबा खिडकीतून दिला, डोळे पुसले आणि म्हणाली, “चांगलंच केलं पोरीने. चांगलंच केलं.” ती कुणाला सांगत होती ते कळलं नाही.

डेल्फिनने मान हलवली नाही. कंडक्टर ओरडत होता. बिनिंग खिडकीखाली आली.

“राग आलाय, कुया?”

“आलाय.”

“खूप?”

“खूप. रोज सकाळी उठलो की येतो.” त्याने डबा मांडीवर नीट ठेवला. बस सुरू झाली, हादरली. “बहिणींना काय सांगू तेही माहीत नाही मला.”

बिनिंग बसबरोबर चालायला लागली. तिला ‘चुकलं’ म्हणायचं होतं, पण ते खरं नव्हतं. तिने म्हटलं नाही.

बस स्टँडच्या फाटकाशी वळली तेव्हा त्याने डोकं बाहेर काढलं.

“राग जाईल कधीतरी!” तो ओरडला. “गेला की येईन सांगायला! चालत येईन!”

रुफो आणि ओन्योक दोन्ही हात हलवत रस्त्यापर्यंत पळाले. बिनिंग फाटकातच थांबली, आणि धूर खाली बसेपर्यंत तिथेच उभी राहिली.