माझा विरोध आहे!

लाईट गेली, आणि शेजारच्या केबिनमधून एक पुरुषी आवाज कळवळला, "आयला! आत्ताच त्या गोदाकाठचं तोंड बंद करणार होतो की!"

प्रणिताचा हात कीबोर्डवरच थिजला. 'गोदाकाठ' म्हणजे तीच होती!

साल दोन हजार पाच. गेवराईच्या बाजारपेठेत, मन्मथअप्पांच्या कापड दुकानाच्या माडीवर बद्रीनाथचा सायबर कॅफे होता. प्लायवूडच्या केबिन, बसलेली बॅटरी, आणि लोडशेडिंग तर पाचवीलाच पुजलेलं. अप्पांनी लेकीला, प्रणिताला, तिथं जाऊ दिलं ते एका अटीवर. तिच्यामुळं दुकानाचं नाव कुणाच्या तोंडी आलं, तर कॉलेज बंद आणि लातूरचं स्थळ पक्कं!

आणि ही बाई तिथं बसून काय करायची? चर्चेच्या एका मराठी साईटवर टोपणनावानं जगाशी भांडायची! शहरांत रोज दिवाळी, अन् आमच्याकडंच अंधार कावून? गोदावरीची वाळू तुमच्या इमारतींना, अन् कोरड्या विहिरी आमच्या वाट्याला कावून? तिनं काही लिहिलं की खाली 'बाजारबुणगा' नावाचा कुणीतरी टपकायचाच. सुरुवात ठरलेली — "माझा विरोध आहे! बाजार खुला झाला म्हणून तर आमच्यासारख्यांची पोरं इथवर आली. वाळू थांबली तर ट्रकवाल्याची चूल तुम्ही पेटवणार का?"

"आणि नदी मेली तर मेंढरांना डिझेल पाजणार का?" ती ठणकावायची. रागानं कान तापायचे... पण तो एखाद्या दिवशी दिसला नाही, तर जेवण गोड लागायचं नाही. आता काय म्हणावं या पोरीला! एकदा ती तापानं पडली. परत येऊन बघते तर त्याची ओळ — "गोदाकाठ, कुठं आहात? विरोध करायला कुणी उरलंच नाही." ती ओळ तिनं पुन्हा पुन्हा वाचली.

आणि तो हा! तिनं केबिनचा पडदा सारून पाहिलं. धुळाजी मेंढपाळाचा धाकटा, हरिओम. उंच, सडपातळ, कपाळावर घाम. त्यानंही वळून पाहिलं.

"लई उकडतंय... न्हाई?"

"हो," ती म्हणाली. जगाशी भांडणाऱ्या बाईला दुसरा शब्दच सुचेना!

त्यानंतर ती रोज शेजारचीच केबिन धरायची. सांगितलं मात्र नाही. सांगितलं, आणि त्यानं भांडणंच सोडलं तर?

अशातच एके दिवशी तिनं चोरट्या वाळूबद्दल लिहिताना ठेकेदाराचं नावच टाकलं. लगेच खाली बाजारबुणगा — "माझा विरोध आहे! खोटं नाही, पण ठेकेदाराचं नाव काढून टाका. जिवावर बेतेल."

तिनं काढलं नाही.

दोनच दिवसांत जिन्यावर पाय धडधडले. ठेकेदाराचा माणूस, सटवा, आत शिरला आणि त्यानं बद्रीनाथची कॉलरच धरली. "कोण हाय बे तो गोदाकाठ? आख्ख्या गावात नेट एकच, तुझं. नाव सांग, न्हाईतर मशिनी खाली फेकतो!"

बद्रीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. प्रणिता पडद्याआडून बघत होती. उठावं... तर खाली दुकानात अप्पा!

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. "सोड त्याला. म्या लिहिलंय."

"तू?" सटवा चाट पडला. "अबे, तुझा भाऊ आमच्याच ट्रकवर हाय ना? उद्यापासून बसव त्याला घरी. अन् तुझं तंगडं तर..." त्यानं हात उगारला.

"खोटं बोलतोय तो!" आपण काय करतोय हे कळायच्या आत प्रणिता बाहेर आली होती. "गोदाकाठ मी हाय. मन्मथअप्पांची प्रणिता. उचला हात!"

शेटच्या लेकीवर, दिवसाढवळ्या, भर बाजारात? सटवाचा हात खाली आला. "तुमच्या बापालाच ईचारतो आता," म्हणत तो जिना उतरला.

"तुम्हाला... कधी कळलं?" तिनं विचारलं.

"लई दिस झाले. लाईट गेली की पलीकडं बांगड्या आपटायच्या, अन् लाईट आल्यावर बघावं तर गोदाकाठ बी तवाच गप झालेला."

"अन् भावाच्या नोकरीवर पाणी सोडायला निघालात? तुम्हाला तर माझं पटत पण न्हाई!"

"न्हाईच पटत." तो हसला. "पण तुमच्याशी भांडायचं ते मी... दुसऱ्याचं ते काम न्हाई."

जिन्यावर अप्पांचे जड पाय वाजले. 'मी याला ओळखत नाही' एवढं प्रणितानं म्हटलं असतं, तरी निम्मं संकट टळलं असतं.

अप्पा दारात उभे राहिले. "सटवा सांगतोय ते खरं हाय? अन् हा कोण?"

"खरं हाय, अप्पा. मीच लिहिलंय. हा हरिओम. याचं-माझं रोज भांडण होतं." ती हरिओमशेजारी सरकली. "अन् मला... जन्मभर याच्याशीच भांडायचंय."

बद्रीनाथनं कपाळाला हात लावला. अप्पांनी लेकीकडं रोखून पाहिलं. मग जिन्याकडं वळून गरजले, "सटवा, पोरगी माझी हाय, माझं मी बघतो! माझ्या माडीवर पुन्हा हात उगारलास तर याद राख!"

अप्पांनी हरिओमला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अन् तुझं काय म्हणणं हाय?"

हरिओमनं गळ्यातला रुमाल हातात पिळला. एकदा प्रणिताकडं पाहिलं.

"शेट... पयल्यांदाच... माझा विरोध न्हाई."