मूठभर मेथी

मी आधी त्याच्याकडे नाही, त्याच्या चपलेकडे पाहिलं. भेस्तानच्या भाजीबाजारात, छगनकाकांच्या गाडीपाशी तो बटाटे निवडत होता, आणि डाव्या चपलेतून रक्त झिरपून धुळीत उतरत होतं.

"अहो... तुमच्या पायातून रक्त येतंय."

"कुठं?" त्यानं उजवा पाय उचलून बघितला.

त्याला दुखतच नव्हतं. मी पाच वर्षं एका दवाखान्यात ड्रेसिंग करते. न दुखणारी जखम म्हणजे काय, ते मला कळतं.

"शुगर आहे का तुम्हाला?"

"चहात घालतो तेवढीच," तो म्हणाला, आणि हसला. इतकं मोकळं हसला की रागवावं की नजर चोरावी, कळेना.

मी त्याला तसाच दवाखान्यात नेला. शुगर चारशेच्या वर निघाली. नाव ललित, गाव दिग्रस, वय एकोणतीस. सहा वर्षं कापडाच्या लूमवर, बारा बारा तासांच्या पाळ्या. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि खाण्याचं मला समजवायला सांगितलं.

"जेवता काय?"

"मेसमध्ये बटाट्याचा रस्सा अन् भात. सकाळी गाठिया."

"आणि भाजी?"

"बटाटा हाय न."

"बटाटा नाही धरायचा."

"मंग मोठीच अडचण हाय, मॅडम. खोलीत आम्ही सहा जण, शेगडी एक. मले सैपाक कुठं येते..."

"सोपं सांगते. मेसचं वरण खोलीवर आणा. त्यात मूठभर मेथी चिरून टाका आणि एक उकळी द्या. ताटावर बसलात की आधी काकडी, मुळा, मग भाजी, शेवटी भाकरी. भात दोन घास. भाकरीच्या पिठात दुधी किसून घालायचा, म्हणजे भाकर तेवढीच दिसते आणि पीठ कमी जातं."

"किसू कायनं? दातानं?"

दुसऱ्या दिवशी मी घरची जुनी किसणी त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली.

"पोरी रुमाल देतात म्हणे..."

"रुमालानं दुधी किसला जात नाही," मी म्हटलं. पट्टी गुंडाळताना मान वर केली नाही, कारण माझे कान तापले होते.

एक दिवसाआड तो यायचा. कापूस उचलण्याआधी मी विचारायची, "आज काय?"

"पालक. डाळीत."

"किती?"

"मूठभर."

"कोणाच्या मुठीनं?"

तो आपली मूठ माझ्या मुठीशेजारी धरायचा. लागू द्यायचा नाही, पण... जवळ. खोलीतले बाकीचे पाच जणही आता त्याची डाळ मागतात, असं एकदा सांगितलं. शुगर दोनशेवर आली. त्या संध्याकाळी मी उगाच एक स्टॉप आधी उतरले आणि चालत घरी गेले.

आईनं, मंगलाबाईनं, ते ओळखलंच. "तुनं काय चालू शे, मयुरी?" तिनं विचारलं. मी सांगितलं. माझे बाबा याच दुखण्यानं गेले होते. मी लोकांच्या जखमा धूत होते आणि घरात त्यांच्या ताटात काय पडतं, ते कधी पाहिलं नव्हतं.

"एकदाव देखेल शे मी ते समदं," आई म्हणाली. "परत तेच तुना वाट्याले नको."

जखम मात्र भरली नाही. पालक शुगर उतरवायला मदत करतो, मेलेलं बोट जिवंत करत नाही. मला ते ठाऊक होतं, तरी मी दर वेळी पट्टी सोडताना आशा धरायची. एका सकाळी पायाची बोटं काळी दिसली. सरकारी दवाखान्यात त्याची दोन बोटं काढली.

लूमच्या शेठनं निरोप धाडला, उभं राहता येत नसेल तर येऊ नको. दिग्रसहून त्याचा भाऊ महेश त्याला न्यायला आला. मी वॉर्डात पोचले तेव्हा पिशव्या भरलेल्या होत्या.

"जाताय?"

"काय करू इथं राहून?"

"मी आहे इथं," मी म्हटलं. "मला... तुम्ही हवे आहात."

महेश दारातच थबकला. ललित खिडकीकडे बघत राहिला.

"दिवसभर लोकांच्या जखमा धुता. घरी गेल्यावर पुन्हा माझी?"

"जखम धुणं माझं काम आहे. घरी मला माणूस पाहिजे."

"शुगर पुन्हा वाढली तर?"

"वाढेल कधीतरी."

"पूर्ण पाय गेला तर?"

त्याला खोटं सांगणं सोपं होतं. मी नाही सांगितलं.

"जाऊही शकतो. त्या दिवशी मी तुमच्याजवळ असेन."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. बोटं काढायचं ठरलं तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता त्याचे खांदे हलत होते. मी हात लावला नाही... उभी राहिले.

महेशनं दोन्ही पिशव्या कॉटखाली सरकवल्या. "मी एकलाच जातो," तो म्हणाला. "आईले सांगतो मी."

तो गेल्यावर ललितनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि कॉटवर थोडा सरकून जागा केली.

"बसा," तो म्हणाला. मग थांबला. खालच्या आवाजात, जपून, जसा काही तो शब्द फुटला असता...

"बस ना, मयुरी."